सातव्या प्रश्नाच्या रिकाम्या चौकटी

४ जून

अगं पंडिते,

तुझ्या दोनशे प्रश्नावल्या भरून झाल्या. छपाई तुझी, तेव्हा ती सोडून खरा खर्च सांगतो. सव्वीस दिवस. चार पेनं, त्यातलं एक चांगलं होतं. बाकाच्या रेक्झिनवर शाईचा एक डाग. आम्हाला सरकारी माणसं समजून एका पायात नवा आणि एका पायात जुना बूट घालून पळालेलं एक गिऱ्हाईक (संध्याकाळी परत आलं, दोन्ही बूट घेऊन). आणि पट्टीमास्तरांचं माझ्याशी बोलणं. ते आठ दिवस बंद आहे. आधीही फार होतं असं नाही, पण आता 'चहा आला' एवढंसुद्धा ते भिंतीला सांगतात.

पट्टीमास्तर तुला आठवत असतीलच. सत्तावीस वर्षं दुकानात आहेत. गिऱ्हाईक म्हणालं, 'सात नंबर द्या,' तरी हा माणूस खाली बसणार, ती लाकडी पट्टी काढणार, एक सोडून दोन्ही पाय मोजणार आणि मग माळ्यावर चढणार. ते खोकं घेऊन उतरेपर्यंत समोरच्या दुकानात तिघांचे पैसे देऊन झालेले असतात. तीन वर्षं विक्री उतरते आहे. जावईबापूंचं म्हणणं असं की माळा बंद करा, जोड भिंतीवर उघडे मांडा, ज्याने त्याने घालून बघावं, आणि पट्टीमास्तरांना सन्मानाने घरी बसवा. महिनाअखेर ठरवायचं आहे. मला सत्तावीस वर्षांच्या माणसाला 'जा' म्हणवत नाही. तुझ्या कागदात तसं आलं तर गोष्ट वेगळी. शिकलेल्या माणसाचा कागद म्हटल्यावर कुणाला राग धरता येत नाही.

बेरजा सोबतच्या पानावर आहेत. दुकान सापडायला सोपं : हो, एकशे अठ्ठ्याऐंशी. किंमत योग्य : एकशे एकसष्ट. आता सातवा प्रश्न बघ. 'विक्रेत्याची वागणूक व सेवा कशी वाटली?' दोनशेच्या दोनशे रिकामे. एकानेही खूण केलेली नाही. याचा अर्थ मला तरी स्पष्ट दिसतो. लोक भिडस्त असतात, तोंडावर वाईट सांगत नाहीत, गप्प बसतात. तू तो जरा विद्यापीठाच्या भाषेत लिही.

मला स्वतःला कागद लागत नाही, हे तुला माहीत आहे. बत्तीस वर्षं गल्ल्यावर बसून कान तयार झालेत. 'बघतो' कुठल्या सुरात म्हटलं त्यावरून मी घेणारा आणि जाणारा ओळखतो. आपल्या दुकानातून कुणाचा पाय हवा तो जोड न मिळता परत गेलेला नाही. आणि आपल्या घरात तर परक्या दुकानाचा माल उंबरठ्याच्या आत आलेला नाही. मामी जिना चढते ना, तेव्हा चपलेच्या तळाच्या आवाजावरून मी इकडे डोळे मिटून सांगतो : आपलाच जोड.

फोन करू नकोस. दुकानात बोललेलं पट्टीमास्तरांना ऐकू जातं आणि घरी बोललेलं मामीला.

दमलेला,
मामा


११ जून

मामा,

पत्र आणि बेरजा मिळाल्या. तुम्ही दमलात म्हणता, तर मी काय सांगू? दिवसभर ऑफिसात लोकांचे विम्याचे दावे तपासते आणि उरलेल्या वेळात प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहिते. तिसऱ्या प्रकरणात 'अभ्यासाची पद्धत' सांगायची असते : काय विचारलं, कुणाला, कसं, आणि असंच का. हे मी पाचव्यांदा लिहिते आहे. आता मी ते उघडलं की तेच जांभई देतं.

तुमच्या बेरजा बघून आमच्या मार्गदर्शक बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोनशे वाटल्या आणि दोनशे परत आल्या? अहो, शंभर वाटल्या की तीस येतात आणि त्यातल्या पाचांवर चहा सांडलेला असतो. तुमचे मामा जादूगार आहेत का?"

"नाही, बूट-चपला विकतात."

"मग विचारा त्यांना, पेन कुणाच्या हातात होतं."

तर विचारते. प्रश्नावली गिऱ्हाइकाच्या हातात कुणी दिली? कुठे बसून भरली? फक्त घेणाऱ्यांनी भरली की नुसतं बघून गेलेल्यांनीसुद्धा? आणि पेन कुणाच्या हातात होतं?

सातव्या प्रश्नाचं मला काहीही लिहिता येणार नाही. रिकामी चौकट म्हणजे नापसंती नव्हे. रिकामी चौकट म्हणजे रिकामी चौकट. तिच्यात आपण आपल्याला हवं ते भरलं तर त्याला अभ्यास म्हणत नाहीत. आम्ही ऑफिसात त्याला खोटा दावा म्हणतो आणि वर पाठवतो.

एक गोष्ट कबूल करते, बाईंना सांगितलेली नाही. प्रकरणात मी लिहिलंय की 'अभ्यासाची उद्दिष्टे लक्षात घेता प्रश्नावली हे साधन निवडले.' खरं तर मी उद्दिष्टं नाही, माझी शिल्लक रजा लक्षात घेतली. प्रश्नावली छापायची, पाठवायची, घरी बसून बेरीज करायची. तुमच्याकडे यायलासुद्धा नको. म्हणजे मी आधी बूट ठरवला आणि मग पाय त्यात कोंबला. आता चावतो आहे.

आणि मामा, त्या पट्टीमास्तर काकांनी मला शाळेचा पहिला बूट घातला होता. लेस बांधायला मला आईने नाही, त्यांनी शिकवलं. माझ्या कागदाआडून त्यांना घालवू नका.

तुमची,
भाची


१७ जून

पंडिते,

बाईंना नमस्कार सांग. बाई बारीक आहेत. बारीक म्हणजे नजरेच्या म्हणतो.

उत्तरं घे. गठ्ठा मी पट्टीमास्तरांकडे दिला होता. मला ते सोयीचं वाटलं. गिऱ्हाईक बाकावर बसलेलं, पाय ह्यांच्या हातात, दोघांना बोलायला दुसरं काही नसतं. पेनही त्यांच्याकडेच. गिऱ्हाइकांनी हातात पाकीट, पिशवी, छत्री धरायची की तुझा कागद? हे प्रश्न वाचून दाखवायचे, ते उत्तर द्यायचे, हे खूण करायचे. ज्यांनी खरेदी केली त्यांचीच भरली. न घेणाऱ्याला कुठे धरणार? आणि तसे आहेत तरी किती?

हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, तू बोलायच्या आधीच सांगतो. सातवा प्रश्न ज्याच्याबद्दल, विचारणारा तोच. ठीक. पण एवढा सरळ माणूस दोनशे वेळा एकच प्रश्न का गाळेल? लोक वाईट बोलले असणार आणि ह्यांनी लिहिलं नसणार. मनात काही असल्याशिवाय माणूस असं करत नाही. जावईबापूंना सांगितलं तर ते म्हणाले, "बघा, पुरावाही त्यांनीच तयार करून ठेवलाय."

तुला खात्री करायची तर ये, बाकाच्या टोकाला बस आणि डोळ्यांनी बघ. मी तीस तारखेपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही. मालाची मागणीही तेव्हाच द्यायची आहे.

तू येणार हे पट्टीमास्तरांना सांगितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "ताई कुठल्या बाकावर बसणार?" आणि दोन्ही बाक पुसून ठेवले. शाईचा डाग मात्र आहे तसाच.

मामा


२९ जून

मामा,

परवा तुमच्याकडून निघाले तेव्हा तुम्ही विचारलंत, "काय निघालं?" आणि मी म्हटलं, "बेरीज झाली की कळवते." बेरीज तेव्हाच झाली होती. पण भावोजी समोर उभे होते आणि काका माळ्यावर होते. म्हणून आता लिहिते. कुरिअरवाला म्हणाला, उद्या पोचेल.

आठ दिवस बसले. त्यातले पहिले तीन दिवस मी फेकून दिले. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, प्रत्येकाला "या साहेब, बसा बाईसाहेब" म्हणत होते, आणि मी वहीत काही लिहिलं की मान वाकडी करून बघत होते. तुम्हीही तीन दिवस गल्ल्यावरून कुणावर ओरडला नाहीत. वही घेऊन कुणी बसलं की सगळेच चांगले वागतात. चौथ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट संपला आणि मी बाकाचा भाग झाले. तिथून मोजलं.

पाच दिवसांत एकसष्ट माणसं आत आली. अडतीस जणांनी जोड घेतले. तेवीस जण तसेच गेले. मामा, तेवीस. पट्टीला वेळ लागतो म्हणून त्यातला एकही गेला नाही. लोकांना ती पट्टी आवडते. एक गृहस्थ म्हणाले, "पन्नाशी आली, आज कळलं माझे पाय दोन मापांचे आहेत. बायकोला सांगायला हवं, तिला वाटतं मी तिरका चालतो."

तेवीसपैकी एक पत्ता विचारायला आला होता. तिघांना रंग पसंत नव्हता. उरलेल्या एकोणीस जणांचा नंबर आपल्याकडे नव्हता.

एक प्रसंग सांगते. पाचव्या दिवशी एक परिचारिका आली. दिवसभर उभी असते, पाय सुजलेले. काकांनी दोन्ही मोजले, पट्टी खाली ठेवली.

"बाई, तुम्हाला नऊ लागेल. रुंद."

"मग द्या ना."

"आमच्याकडे मोठ्यांत सहा ते आठ. आठ देतो म्हटलं तर देता येईल, पण महिन्यात अंगठा काळा पडेल. तुम्ही समोर जा. आत शिरल्यावर उजव्या हाताला, खालचा खण."

ती उठली. जाताना तुमच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "येते हं." तुम्ही म्हणालात, "या, या." मग मला म्हणालात, "ही पक्की. पगार झाला की येणार. सुरावरून कळतं."

मामा, तुमचे कान चांगले आहेत. पण तुमचं तोंड रस्त्याकडे असतं आणि पाठ बाकाकडे. बाकावरचं हळू आवाजातलं तुमच्यापर्यंत पोचत नाही, दारातलं "येते हं" तेवढं पोचतं.

मग काकांना मी माळ्यावर जाऊन विचारलं. वही खालीच ठेवून गेले. "सातवा प्रश्न का गाळला?"

ते खोक्यावर बसले. म्हणाले, "ताई, माणसाचा पाय माझ्या मांडीवर. आणि मी वर बघून विचारू, 'माझी वागणूक कशी वाटली?' तो पाय तरी काढून घेईल, नाहीतर खोटं तरी बोलेल. दोन्ही तुमच्या काय कामाचं? म्हणून कोरं ठेवलं. कोरं निदान खोटं नसतं."

मी दोन वर्षं पुस्तकं वाचते आहे, मामा. हे मला एका वाक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर त्यांनी मला झाकणं दाखवली. मोकळ्या खोक्यांची झाकणं, आतल्या बाजूने. त्यावर पेन्सिलीने सगळं आहे. काय, ते मी सांगत नाही, तुम्ही स्वतः वर चढा. एवढंच सांगते की ती अकरा वर्षांची आहेत आणि पहिल्या वर्षी त्यांनी ती तुम्हाला दाखवली होती. तुम्ही म्हणाला होतात, "सहा ते आठ फिरतो, बाकीचा पडून राहतो. माळा खोकी ठेवायला आहे, झाकणं वाचायला नाही."

मी सातवा प्रश्न काढून टाकला. प्रश्नावलीच काढून टाकली. बाई थोड्या चिडल्या, मग म्हणाल्या, "नव्याने लिहा, सहा महिने पुढे जाईल." जाऊ दे. पुन्हा तिसरं प्रकरण, सहाव्यांदा.

काकांना ठेवायचं की नाही, हे माझ्या कागदातून येणार नाही. ते तुमच्या तोंडून यायला हवं.

भाची


२ जुलै

पंडिते,

तुझं कुरिअर आज दुपारी आलं.

तीसला संध्याकाळी मी पट्टीमास्तरांना सांगून टाकलं होतं. जावईबापू दारात उभे होते, दुकान बंद करायची वेळ, मला ते एकदाचं संपवायचं होतं. तोंडातून काय गेलं ते तुझ्यापासून लपवत नाही. मी म्हणालो, "माझं काही नाही हो. ताईच्या कागदात तसं आलंय."

ते म्हणाले, "ताईंच्या कागदात? मग बरोबरच असेल." पट्टी पुसली, गल्ल्यावर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेले. ती अजून तिथेच आहे. गल्ला उघडताना हाताला लागते.

मामा


६ जुलै

मामा,

कागदात तसं आलेलं नाही. कागद अजून लिहिलेलासुद्धा नाही.

हे काकांना सांगायला तुम्ही जायचं. मी नाही, आणि भावोजी तर मुळीच नाहीत.

भाची


१५ जुलै

पंडिते,

तुझं चार ओळींचं पत्र शर्टाच्या खिशात ठेवून तीन दिवस हिंडलो. धुलाईत गेलं असतं तर बरं, असंही मनात आलं. मामीने खिसा तपासला.

नऊ तारखेला एका गिऱ्हाइकाला तपकिरी सात हवा होता. काढायला कोणी नाही. जावईबापूंना धुळीने शिंका येतात. मी चढलो. अकरा वर्षांनी त्या शिडीवर पाय ठेवला. तिसऱ्या पायरीवर गुडघ्याने विचारलं, कुठे निघालात. तपकिरी सात मिळाला नाही. झाकणं मिळाली.

त्यांचं अक्षर तुला ठाऊक आहे, छापल्यासारखं. '१२ मार्च. बाई, शिक्षिका असाव्यात. पाच. गेल्या.' 'टपाल वाटणारे. दहा, रुंद. गेले.' 'आजोबा, डावा पाय सुजलेला. नऊ. पुन्हा येतो म्हणाले. आले नाहीत.' 'तेच आजोबा. काठी घेऊन. नऊ आला का विचारलं. गेले.' तीनशे झाकणांपर्यंत मोजलं. मग मोजणं सोडलं आणि नुसती वाचत गेलो. खालून गिऱ्हाईक ओरडलं, "अहो, आहे की नाही?" मी म्हटलं, "नाही." त्याला तपकिरी बुटाबद्दल वाटलं, गेलं बिचारं. मी पेन्सिल शोधली आणि झाकणावर लिहिलं : 'तपकिरी सात. मालकाला सापडला नाही. गेले.'

सातव्या प्रश्नाचं उत्तर अकरा वर्षं माझ्या डोक्यावर होतं. शब्दशः डोक्यावर. खाली बसून मी त्यांना बोल लावत होतो.

दहा तारखेला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, दारात चपला एका रेषेत लावलेल्या, मोठ्यापासून लहानापर्यंत. त्यांची बायको म्हणाली, "बसा," आणि स्वतः आत गेली, म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी उभ्यानेच बोललो, बसून बोलवेना.

"मास्तर, कागदात तसं आलेलं नाही. मी खोटं बोललो. ते माझं होतं."

ते म्हणाले, "ठाऊक आहे."

"कसं?"

"ताईंनी जाताना माझा पाय मोजला. म्हणाल्या, 'काका, इतकी वर्षं तुमचा कुणी मोजला का?' असं विचारणारं माणूस तसलं लिहीत नाही."

"मग त्या दिवशी गप्प का राहिलात?"

"तुम्हाला अवघड झालं असतं. जावई उभे होते."

पंडिते, बत्तीस वर्षांत मी बऱ्याच लोकांचं ऐकून घेतलं आहे. एवढं कधी लागलं नव्हतं.

मी म्हटलं, "उद्यापासून या." ते लगेच 'हो' म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "मागणी कसली दिली?"

"सहा ते आठ. अजून रद्द करता येईल."

"चार, पाच, नऊ, दहा मागवा. थोडे थोडे. माल आला की येतो. रिकाम्या खणांपुढे बसून पुन्हा तेच 'समोर जा' म्हणायला मला आता कंटाळा येतो." मग म्हणाले, "आणि दुपारपर्यंतच येईन. गुडघे तुमच्याइतकेच जुने आहेत."

मागणी बदलली. जावईबापू म्हणाले, "पाच दिवसांच्या मोजणीवर धंदा बदलता?" मी म्हटलं, "नाही, अकरा वर्षांच्या. वर चढून बघा." त्यांना बोलता बोलता शिंक आली. पण भिंतीवर जोड मांडायची त्यांची कल्पना वाईट नाही. निम्म्या भिंतीवर मांडू दे म्हटलं. तेवढ्यावर गप्प आहेत.

विक्री वर येईल की नाही, मला माहीत नाही. येईल असं तुझ्या कागदात लिहू नकोस. माझ्याकडे आता पूर्वीसारखी खात्री शिल्लक नाही आणि ती नसल्याने बरंच हलकं वाटतं. झाकणं मी दोऱ्याने बांधून ठेवली आहेत. तुला हवी तर पाठवतो. पण ती मास्तरांची आहेत. त्यांचं नाव कागदात कुठे येतं ते आधी कळव. शेवटी आभारात घालशील तर पाठवणार नाही.

आता शेवटचं. काल संध्याकाळी गल्ल्यावरची पट्टी मी सहज घरी नेली. दोन आठवडे हाताला लागत होती, म्हटलं बघू तरी कशी धरतात. मामी जिना चढून आली, पिशवी ठेवली. मी खाली बसलो आणि म्हटलं, "पाय दे."

"डोकं ठिकाणावर आहे का?"

"दे तर."

दोन्ही मोजले. ती म्हणाली, "एवढ्यासाठी गुडघे मोडलेत? विचारायचं होतंत, मी सांगितलं असतं."

मामीचा नंबर चार. आपण चार कधी ठेवला नाही. गेली चौदा वर्षं ती समोरच्या दुकानातून चपला घेते.

मामा